लिक्टेनस्टाईनच्या शेजाऱ्याला विचारा

आमच्या घरात गाव बघितल्याशिवाय पोरगी दिली जात नाही. गाव बघायचं म्हणजे जाऊन पोहे खाऊन यायचं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, विहिरीत वाकतात, पाणी चाखतात, गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवतात आणि नवरदेव सोडून सगळ्यांशी बोलतात. माझ्या धाकट्या बहिणीला पारनेरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, घर स्लॅबचं, दारात मोटार. आबांनी ते मोडलं, कारण त्यांचं कुत्रं बारीक होतं.

"जे कुत्र्याला घालत न्हाईत ते सुनंला काय घालनार," एवढंच बोलून ते एसटीत जाऊन बसले.

ते कुत्रं शेजाऱ्याचं होतं हे पुढे कळलं. पण तोवर बहीण दुसऱ्या घरी नांदायला गेली होती, आणि त्या घरचं कुत्रं इतकं जाड होतं की भुंकायला लागलं की मध्ये एकदा बसून दम खायचं. बहीण तिथे सुखात आहे, त्यामुळे आम्ही पद्धत बदलली नाही.

या पद्धतीत एक नियम सगळ्यात मोठा. घरच्याला काही विचारायचं नाही, शेजाऱ्याला विचारायचं. घरचा माणूस स्वतःच्या घराबद्दल कीर्तनकारासारखा बोलतो. शेजारी खरं ते सांगतो आणि वर दोन शिव्या फुकट देतो.

तर या नियमाखाली आमच्या घराण्याने एकदा युरोपातल्या एका देशाची चौकशी केली.

झालं असं. माझ्या थोरल्या भावाची मुलगी पुण्यात दात करायला शिकली. डॉक्टर नव्हे; डॉक्टर तोंडातले दात काढतात, ही बाहेर बसून नवे घडवते. आबांची आत्ताची कवळी तिच्याच हातची. आधीची कवळी नगरला केलेली होती आणि ती इतकी सैल होती की ग्रामसभेत आबा बोलायला उभे राहिले, "ठराव" म्हणाले, तेव्हा ठराव तोंडात राहिला आणि दात सरपंचाच्या चहात पडले. सरपंचाने ते बशीत काढून परत दिले आणि ठराव मंजूर केला. नातीने केलेली कवळी मात्र अशी बसली की आबा हुरड्याबरोबर दोन दगड चावून गेले आणि म्हणाले, दाणे जरा निबर हायत.

या पुतणीला लिक्टेनस्टाईन नावाच्या देशातून नोकरीचं पत्र आलं. दोन वर्षांचं काम, दातांच्या कारखान्यात. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता.

मी मिरजगावच्या शाळेत भूगोल शिकवतो. युरोपचा नकाशा मी डोळे मिटून फळ्यावर काढतो, आणि पोरांच्या मते तो तसाच दिसतो. पण त्या नकाशात हा देश मी आजवर कधी काढला नव्हता. दोष माझा नाही. खडूची जाडी जास्त आहे.

पुतणीने ओसरीवर बातमी सांगितली. आबांनी ऐकून घेतलं.

"गाव कोनी बघितलंय?"

"आबा, मी लग्न करून नाही चालले. कामाला चालले."

"दोन वर्सं ऱ्हानार ना? मंग लगीन आसू दे न्हाईतर दात. ज्या गावात पोरगी ऱ्हानार त्या गावाची चौकशी हुनार. चौकशी पटली तर जायाचं."

माझा थोरला भाऊ साठीला आलाय, पण आबांपुढे त्याचा आवाज आठवीत नापास झालेल्या पोरासारखा येतो. तो म्हणाला, आबा म्हणतील तसं.

नंतर पुतणी मला गोठ्याकडे घेऊन गेली. "काका, पासपोर्ट माझा आहे. मी भांडून जाऊ शकते. पण भांडून गेले तर दोन वर्षं हा माणूस फोनवर यायचा नाही, आणि दोन वर्षांनी..." आबा ऐंशीच्या पुढे आहेत. "मला त्यांचा हो घेऊन जायचंय. तुम्ही भूगोलवाले. तुम्ही पटवा."

मी मोबाईल चार्जिंगला लावून त्या देशाचा इतका अभ्यास केला की तिथली निवडणूक लढवली असती तर डिपॉझिट वाचलं असतं.

रविवारी दुपारी लिंबाखाली बाज टाकून चौकशी बसली. आबा मध्ये, भाऊ पायाशी, आई बाजूला सुपात शेंगा घेऊन. मी उभा, आरोपीसारखा. पुतणी माझ्या मागे, पुरावा म्हणून.

"जमीन किती?"

"एकशे साठ चौरस किलोमीटर."

"एकरात सांग."

"चाळीस हजाराच्या आत-बाहेर."

"आपल्या तालुक्यात आसले किती बसत्याल?"

"नऊ तरी बसतील."

"म्हंजी देश न्हाई, सर्कल हाय," आबा म्हणाले. "तलाठी दोन आसले तरी बास."

मी म्हटलं, लोकसंख्याही बेताचीच आहे, चाळीस हजारांच्या आसपास. अख्खा देश काष्टीच्या बाजाराला आला तरी बैलांना उभं राहायला जागा उरेल. हे त्यांना आवडलं. गर्दीच्या गावी दिलेली पोरगी सापडत नाही असं त्यांचं मत आहे.

"बागायत किती?"

"पश्चिमेला ऱ्हाईन नदी. तिच्या कडेची पट्टी सपाट. बाकी डोंगर."

"नदीला पानी?"

"बारा महिने."

आबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. आमच्याकडची सीना वर्षातले चार दिवस नदी असते आणि बाकीचे दिवस क्रिकेटचं मैदान.

"धरनातनं आवर्तन कोन सोडतं?"

"कोणी सोडत नाही. वरच्या डोंगरावर बर्फ आहे, ते वितळून आपोआप येतं."

"खोटं बोलू नको. पोरीचा प्रश्न हाय."

गंमत बघा, त्या दुपारी मी आबांना सांगितलं की तिथल्या गाईंच्या गळ्यात देवळातल्या एवढ्या घंटा असतात आणि त्या घंटा ऐकून शाळा भरते. त्यावर त्यांनी मान डोलावली. डोंगराच्या टोकावरून उभं राहून शिंकलं तर आवाज तीन देशांत जातो असं सांगितलं, तेही घेतलं. नदीला बारमाही पाणी, तेवढं मात्र त्यांच्या गळी उतरलं नाही.

"कारभारी कोन?"

"राजा."

"तरना का म्हातारा?"

"तुमच्याच वयाच्या आसपास. राज्यकारभार थोरल्या पोराच्या हाती दिलाय. पण राजेपण स्वतःकडेच."

आबा पहिल्यांदा हसले. कवळी छान चमकली. "शाना मानूस हाय. वहिवाट द्यायची, सातबारा न्हाई."

भाऊ जमिनीवर काडीने रेघा काढू लागला.

मी पुढे सांगितलं की राजा असला तरी पंचवीस जणांची विधानसभा आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या साखर कारखान्याच्या संचालक मंडळापेक्षा चार टाळकी जास्त. लोक सह्या गोळा करून कुठलाही कायदा मताला टाकू शकतात. अकरा गावं आहेत, आणि एखाद्या गावाचं जमेना तर त्याला मतदान घेऊन देशातून वेगळं व्हायचीही मुभा आहे.

"आन ठरावाला राजा न्हाई म्हनला तर?"

"ठराव पडला."

"आन लोकं राजालाच न्हाई म्हनली तर?"

"मग मतदान. राजा पडला."

आबांनी यावर बराच विचार केला. त्यांना बहुधा तिसरा प्रश्न विचारायचा होता, पण मधेच आईने सूप खाली ठेवलं.

"बायांना मत हाय का तिथं?"

"आहे. चौऱ्याऐंशी सालापासून."

"एकोनीसशे?"

"एकोणीसशे."

"म्हंजी राजाच्या गावच्या बायांच्या आधीपासनं मी मत टाकतीय," आई म्हणाली आणि शेंग फोडली.

"मी सांगंल त्याला," आबा म्हणाले.

"तुमी सांगत हुता, मी ऐकत हुते. आत गेल्यावर शिक्का कुठं मारायचा ते माझं मी बघायची. आता बटन बी माझं मीच बघती."

आमच्या घरातली गेल्या पन्नास वर्षांची सगळी निवडणूक-गणितं त्या एका वाक्यात कोसळली. आबा ज्या उमेदवाराच्या पडण्याचं खापर गावातल्या प्रत्येकावर फोडत आले होते, तो घरातूनच पडला होता. विषय बदलायला मी घाईघाईने अर्थव्यवस्थेवर आलो.

इथे माझा घात झाला. मी म्हणालो, आबा, देश छोटा पण पैसा बक्कळ. बँका आहेत, भिंतीला भोकं पाडायची यंत्रं करतात, आणि दात तर जगभर पाठवतात. कामं इतकी की माणसं पुरत नाहीत. निम्म्याहून जास्त कामगार रोज सकाळी शेजारच्या देशांतून येतात आणि संध्याकाळी परत जातात. राहायची परवानगी ते सहसा देत नाहीत.

"दिवसभर राबवून घ्यायचं आन दिस मावळला का हद्दीभायेर काढायचं? तसं मी ऊसतोडीच्या मानसांना बी करत न्हाई."

"आबा, मी नदीच्या अलीकडे खोली घेणार आहे," पुतणी म्हणाली. "स्वित्झर्लंडमध्ये. पुलावरून बस जाते."

"म्हंजी रोज शेजाऱ्याच्या रानातनं जायाचं?"

"दुसरा रस्ताच नाही, त्यांनाही नाही," मी म्हणालो, आणि भूगोलाचा मास्तर माझ्या अंगात आला. "एका अंगाला स्वित्झर्लंड, दुसऱ्या अंगाला ऑस्ट्रिया. त्यांना समुद्र नाही, आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही समुद्र नाही. दुहेरी कोंडलेला देश. जगात असे दोनच आहेत."

लिंबाखालच्या सगळ्यांनी समोरच्या रानाकडे पाहिलं. कारण जगात तिसराही आहे, आणि आम्ही त्याच्यातच बसलो होतो.

आमच्या वस्तीच्या मागे ओढा आहे आणि पुढे आमच्या शेजाऱ्याचं, चाचांचं रान. चाचांच्या रानापलीकडे डांबरी रस्ता. चाचा आणि आबा एका शाळेत गेले, एकाच दिवशी पळून आले, काष्टीच्या बाजारातून बैल एकमेकांच्या पारखीने आणले. मग एके वर्षी आमचा ट्रॅक्टर वळताना चाचांच्या कांद्याच्या रोपात शिरला. आबा म्हणाले, एवढ्याशा रोपासाठी काय आरडतोस. चाचांनी वाटेवर बाभळीची काटी टाकली. आबांनी तहसीलला अर्ज केला. तेव्हापासून आम्ही ओढ्यातून वळसा घालून रस्त्याला लागतो, आणि पावसात आमच्या वस्तीला बंदर बांधायचं तेवढं बाकी राहतं. दोघांचे वकील एकाच टपरीवर चहा पितात. ते दोघे आणि टपरीवाला सोडून त्या भांडणात कोणाचं बरं झालेलं नाही.

"आन शेजाऱ्यानं काटी टाकली तर?" आबांनी विचारलं.

स्वित्झर्लंड लिक्टेनस्टाईनच्या वाटेवर काटी टाकील का, याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नव्हतं. आबांनी कवळी काढून बशीत ठेवली. आमच्याकडे याचा अर्थ, सभा तहकूब.

"शेजाऱ्याला इचारा," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "तोवर काय बी न्हाई."

मी म्हणालो, स्वित्झर्लंडला विचारायचं तरी कसं. आई सूप उचलत म्हणाली, "चाचाचा मधला हाय की तिथं. हॉटेलात सैपाकी."

हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बर्फात उभा राहिलेला त्याचा फोटो अर्ध्या गावाच्या मोबाईलवर होता. फक्त ते नाव आमच्या अंगणात घ्यायची पद्धत बंद पडली होती.

पुतणी म्हणाली, मी जाऊन विचारते. आबा म्हणाले, पोरीनं स्वतःची चौकशी करायची नसते. मी म्हणालो, मग मी जातो. आबा म्हणाले, "तू जाशील आन ओट्यावर युरोप काढून येशील."

महिना सरत आला तेव्हा एका सकाळी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, कवळी बसवली आणि मला म्हणाले, चल. चाचांचं घर आमच्या अंगणातून दिसतं. तिथे भाजी फोडणीला पडली की आम्हाला शिंका येतात. पण मध्ये काटी. त्यामुळे आम्ही ओढ्यात उतरलो, वर चढलो, डांबरी रस्त्याला लागलो आणि लांबच्या पाहुण्यासारखे त्यांच्या पुढच्या दाराने आत गेलो.

चाचा ओट्यावर ठिबकची नळी दुरुस्त करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोन हाय?"

"मी."

"मी कोन?"

"तुझ्या कांद्याचा मारेकरी."

"कांदा कुठला. रोप हुतं. कांदा व्हायचा हुता अजून." नळी खाली ठेवली. "कोर्टाचं बोलायचं आसल तर फुडली तारीख हाय."

"कोर्टाचं न्हाई. परदेशाचं हाय."

आबांनी सगळं सांगितलं. चाचा ऐकत राहिले. आपल्याकडे शेजारी म्हणून चौकशीला कोणी आलंय, आणि तेही एका सबंध देशाबद्दल, हे लक्षात आल्यावर त्यांनी नळी पायाने बाजूला सारली आणि नीट मांडी घातली. मग पोराला फोन लावला. चाचांचा मधला पडद्यावर आला, पांढऱ्या टोपीत, मागे पातेली.

"सलाम आबा. तुमी, आमच्या घरात?"

"त्ये ऱ्हाऊ दे. नदीपल्याडचं त्ये राजाचं गाव बघितलंस का?"

"सुट्टीला सायकलवर जातो की. पूल वलांडला का देश बदलतो. कोनी अडवत बी न्हाई."

"मानसं कशी?"

"लई शांत. पैल्यांदा गेलो तवा मला वाटलं गावात मयत झालीय."

"राजा कसा हाय?"

"डोंगरावर किल्ल्यात ऱ्हातो. पंधरा आगस्टला त्यांचा सन आसतो, तवा किल्ल्यापाशी समद्यांना बोलवत्यात."

"पंधरा आगस्ट आपला हाय," आबा म्हणाले.

"त्यांचा बी त्योच हाय."

"जिलबी देत्यात का?"

"बिअर."

आबांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी छताकडे पाहिलं. आबा जे विचारायला आले होते तो प्रश्न अजून बाकी होता.

"बरं, त्यांची आन तुमच्याकडच्यांची भांडनं? वाटंवरनं, बांधावरनं?"

"न्हाई. ते पैसा बी इकडचाच वापरत्यात. मागं एकदा इकडची फौज सराव करताना अंधारात वाट चुकली आन त्यांच्या हद्दीत शिरली. दीड-दोनशे जवान, बंदुका घिऊन."

"मंग?"

"मंग काय, कळल्यावर मागं फिरली. इकडच्यांनीच सांगितलं, चुकून आलो हुतो. ते म्हनले, आमाला पत्ताच न्हाई, ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या?"

"ऱ्हाऊ द्या म्हनले."

आतून चाचींचा आवाज आला. "तिथं पलटन शिरली. हितं एक ट्रॅक्टर शिरला हुता."

चाचा खाकरले. मग पोराला म्हणाले, "पोरगी एकटी येनार हाय. तुझ्या गल्लीत खोली बघ. आन सूनबाईला सांग, पैल्या दिवशी जेवायला आपल्याकडं."

चौकशी पूर्ण झाली होती. शेजारी चांगलं बोलला होता. परत येताना ओढ्यात उतरल्यावर आबा एका दगडावर बसले. मला वाटलं पाय दुखले.

"समदं चांगलं हाय त्या गावाचं," ते म्हणाले. "खोट काढायला जागाच न्हाई." मग कवळी जिभेने जरा हलवून बघितली. "ही आता सैल पडाय लागलीय. ती गेल्यावं कोन बघनार?"

मी हसलो.

"हसू नको. दात न्हाई म्हनत मी."

मला ते कळलं, म्हणून मी कधी नव्हे ते गप्प बसलो. माझ्या बायकोने हे वाक्य वाचलं तर ती त्याखाली दोनदा रेघ ओढेल.

घरी आल्यावर आबा पुतणीला म्हणाले, जा. तेवढंच. ती लगेच त्यांच्या तोंडाचं माप घ्यायला बसली. पुण्याला जाऊन आली आणि दोन जोड घेऊन आली: एक जेवायला, एक भांडायला.

ती निघाली त्या दिवशी पाऊस होता. ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता आणि गाडी वस्तीपर्यंत येणं शक्य नव्हतं. आम्ही बॅग डोक्यावर घ्यायच्या तयारीत होतो, तेवढ्यात चाचांच्या रानातून गाडीचे दिवे आले. काटी बाजूला ओढलेली होती आणि चाचा इरलं घेऊन बांधावर बसले होते. आम्हाला घेऊन गाडी परत निघाली तेव्हा त्यांनी हात आडवा केला.

"पासपोर्ट."

"बांध काय तुझ्या बापाचा हाय का?" आबा गाडीतून म्हणाले.

"बापाचाच हाय. उतारा दावू का?"

पुतणीने खरंच पासपोर्ट काढून दिला. चाचांनी फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, पासपोर्ट शर्टाला पुसून परत दिला आणि म्हणाले, "आजच्या दिवस सोडतो." काटी त्यानंतर पुन्हा जागेवर गेलेली नाही. केस मात्र चालू आहे. दोघे एकाच टेम्पोतून तारखेला जातात. म्हणतात, आता मधेच सोडली तर वकिलांना वाईट वाटेल.

पंधरवड्याने तिचा व्हिडिओ फोन आला. ती पुलावर उभी होती. खाली नदी दोन्ही काठांना लागून वाहत होती. आमच्या लिंबाखाली आबा, चाचा, आई, भाऊ, सगळे त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलो.

"आवर्तन कोन सोडतं ते इचारलंस का?" आबांनी विचारलं.

"आबा, खरंच कोणी सोडत नाही."

"बरं. एक ऱ्हायलंय. तिथलं कुत्रं दाव."

तिने मोबाईल फिरवला. पुलावरून एक म्हातारी बाई चालली होती, हातात दोरी, आणि दोरीला एक कुत्रं, अंगात लोकरीचा स्वेटर, पोट जवळजवळ जमिनीला. ते चार पावलं चाललं आणि दम खायला बसलं. आबांनी खिशातून जेवायची कवळी काढली, तोंडात बसवली आणि सावकाश म्हणाले, "चांगलं खातंय. ऱ्हा तिथं."

"नीट इचार आधी," चाचा म्हणाले. "पुलावर हाय त्ये. शेजाऱ्याचं बी आसंल."